दोघांच्या घरातलं जेवण हळूहळू कसं सुधारायचं (सुरुवात किराण्याच्या यादीपासून)

लग्नाला अडीच वर्षं झाली, राहायला वारज्यात, दोघांचीही ऑफिसं हिंजवडीला. मागच्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी तीन महिन्यांची शुगर, म्हणजे ते एचबीएवनसी, ५.९ आलं आणि बायकोचं हिमोग्लोबिन १०.२. माझं वय ३१. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिक, थोडक्यात डायबेटिसच्या रांगेत नंबर लावून उभा. आणि बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. एकाच कुकरमधलं खाऊन एकाचं जास्त झालेलं आणि दुसरीचं कमी पडलेलं! मला तोवर वाटायचं हेल्दी खाणं म्हणजे कमी खाणं, पण तिला तर उलट जास्त खायची गरज होती, फक्त वेगळं काहीतरी.

ऑफिसात नवीन लग्न झालेली पोरं विचारतात की नक्की काय केलंत, टपरीवर उभं राहून तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. गोळ्या चालू असतील, किडनीचा त्रास असेल, दिवस गेले असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथलं वाचून काही करू नका.

आमचा पहिला प्रयत्न आपटला तो आधी सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एका रविवारी जोशात घरातलं सगळं फरसाण, बिस्किटं, साखर वॉचमनकाकांना देऊन टाकली आणि ऑनलाइन क्विनोआ, ओट्स, चिया, बदामाचं दूध असलं साडेतीन हजारांचं सामान मागवलं. रोज रात्री उकडलेल्या भाज्या. तिसऱ्या दिवशी दोघांची पोटं फुगलेली, सहाव्या दिवशी बोलाचाली बंद, आणि अकराव्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही मिसळीच्या रांगेत उभे होतो, एक्स्ट्रा पाव आणि वर जिलबी. क्विनोआ अजून अर्धं पाकीट शिल्लक आहे, मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत त्याला.

पोट फुगण्याचं कारण नंतर कळलं. पोटाला जेवढ्या फायबरची सवय आहे त्याच्या दुप्पट एकदम टाकलं की गॅस होणारच, ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावं लागतं आणि पाणीही वाढवावं लागतं. जिभेचंही तसंच, मीठ-साखर थोडी थोडी कमी केली तर काही आठवड्यांनी तेच गोड, तेच खारट लागायला लागतं, एकदम तोडलं की जेवण बेचव लागतं आणि माणूस चिडतो. म्हणून आमचा एकच नियम, पंधरा दिवसांत एकच बदल. दुसरा सुचला तर कागदावर लिहून ठेवायचा, करायचा नाही.

पहिले सात दिवस काही बदलू नका, फक्त लिहा

कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहायला जागा असते ना, तिथेच आम्ही लिहायचो. काय खाल्लं, किती वाजता, बस. कॅलरी वगैरे मोजायच्या भानगडीत पडू नका, चार दिवसांत कंटाळा येतो.

आमच्या यादीत निघालं ते असं. चहा दिवसाला चार, प्रत्येकात दीड चमचा साखर, म्हणजे सहा चमचे, पंचवीस-तीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून. संध्याकाळी पाचला ऑफिसात वडा नाहीतर बिस्किटांचा पुडा. रात्रीचं जेवण साडेदहाला कारण चांदणी चौकातला ट्रॅफिक. आणि बायकोच्या यादीत एक गोष्ट मला लागली, आठवड्यात चार दिवस तिने रात्री 'उरलेलं' असं लिहिलेलं. मी जेवून उठल्यावर भाजी जेवढी राहिली तेवढीच ती घेत होती आणि वर भात-लोणचं. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं, आईकडे तेच बघितलेलं. त्या दिवसापासून दोन ताटं एकदम वाढायची आणि भाजी दोघांना सारखी. यात पंधरा दिवस थांबलो नाही, हा बदल त्याच रात्री.

मग किराण्याची यादी काढा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ताटात किती चमचे तेल आलं हे कोणालाच कळत नाही, पण महिन्याला किती लिटर आणलं हे बिलावर छापलेलं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात २००० कॅलरीच्या एका दिवसाच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे-चिकन मिळून ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असं दिलंय. हे सगळं कच्च्या मालाचं वजन बरं का, शिजलेल्याचं नाही.

आता याला दोन माणसं आणि ३० दिवसांनी गुणा. तेल निघतं साधारण १६०० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन लिटर. आम्ही पाच लिटरचा कॅन पाच आठवड्यांत संपवत होतो, तेही दुपारचं जेवण बहुतेक दिवस कँटीनला असताना! डाळी-कडधान्यं निघतात पाच किलो, आणि आम्ही आणत होतो तूरडाळ एक किलो, मूगडाळ अर्धा, मटकी पाव. अंडी खातो, महिन्यातून दोनदा चिकन, तरी हिशोब कुठेच बसत नव्हता. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं म्हणतात, म्हणजे दोघांना महिन्याला ३०० ग्रॅम, यातच पापड, लोणचं, फरसाण, सॉस यातलं मीठसुद्धा धरायचं. तुमचा मिठाचा पुडा किती दिवसांत संपतो बघा एकदा. भाजी आठवड्याला साडेपाच किलो लागते, दोघांना! आम्ही दोन-अडीच आणायचो आणि त्यातले एक किलो बटाटे. पोषणवाले बटाटा भाजीत धरतच नाहीत हेही तेव्हाच कळलं.

बाहेरची जेवणं धरून तुमचे आकडे कमी-जास्त होतील, तंतोतंत जमवायला जाऊ नका. पण दिशा लगेच दिसते, आमच्या घरात तेल-साखर खाली यायला हवी आणि डाळ-भाजी वर जायला हवी, भात-पोळी जवळजवळ ठीकच होती. पहिल्या महिन्यात आम्ही यादीत एवढंच केलं, पाच लिटरच्या कॅनऐवजी एक-एक लिटरच्या तीन पिशव्या, आणि कडधान्यं अर्धा-अर्धा किलो चार प्रकारची, मटकी, मूग, चवळी, काळे वाटाणे. ताटात काय बदललं हे आम्ही ठरवलंच नाही. घरात चवळी आहे आणि बटाटा नाही म्हटल्यावर चवळीच शिजते.

एक अजून, रात्री दहानंतर जे घरात नसतं ते खाल्लं जात नाही. बाकरवडी मला जीव की प्राण, पण आता अर्धा किलो न आणता शंभर ग्रॅम आणतो, संपली की संपली.

साखर

चहा सोडू नका. पुण्यात राहून चहा सोडायचा आणि मग मित्र कुठे भेटणार. दीड चमच्याचा सव्वा, दहा-पंधरा दिवसांनी एक, मग पाऊण असं खाली या. मी अर्ध्यावर थांबलोय, त्याखाली मला तो काढा लागतो. अमृततुल्यवाल्याचा चहा आधीच गोड असतो, तिथे कटिंग घ्यायचा आणि दिवसातून एकदाच. आणि गूळ म्हणजे साखर नाही या भ्रमात राहू नका, गुळाचा चहा म्हणून दोन ठिकाणी दुप्पट दर घेतात पण शुगर त्यानेही वाढते. मधाचंही तेच.

बायकोच्या बाबतीत चहाचा वेगळाच मुद्दा निघाला. जेवण झालं की लगेच चहा घ्यायची तिची सवय. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगाला नीट लागत नाही, डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. जेवण आणि चहा यात तासा-दीड तासाचं अंतर ठेवायचं, आणि पालेभाजी, उसळ असेल त्या ताटात लिंबाची फोड पिळायचीच, क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. आपल्या ताटात डावीकडे लिंबू वाढतात ते उगाच नाही. तिला लोहाच्या गोळ्याही दिल्या होत्या, १०.२ वरून नुसतं जेवणाने वर यायला फार वेळ लागला असता. गोळीसुद्धा चहा किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही.

नाश्ता

पोहे-उपम्याला शिव्या देणारे लोक मला आवडत नाहीत. पोहे वाईट नाहीत, डिशभर नुसतेच पोहे खाल्ले तर अकरा वाजता पुन्हा भूक लागते एवढंच. आम्ही पोहे निम्मे केले आणि उरलेल्या जागेत मटार, मूठभर दाणे, आणि बाजूला वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा एक-दोन उकडलेली अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला साधारण ०.८३ ग्रॅम रोज लागतं असा हिशोब आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. सकाळी बारा-पंधरा पोटात गेलं तर पुढचा दिवस सोपा जातो.

आठवड्यातून दोनदा मुगाचं धिरडं. रात्री हिरवे मूग भिजत घालायचे, सकाळी मिरची-आलं-जिरं घालून वाटायचे, त्यात चमचाभर तांदळाचं पीठ की तव्याला चिकटत नाही. मोड आणायचे असतील तर आठ तास भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात बांधून ठेवा, उन्हाळ्यात रात्रीत येतात, पण डिसेंबरात पुण्याच्या थंडीत दीड दिवस लागतो, आम्ही गाठोडं बंद ओव्हनमध्ये ठेवतो. एकदा विसरून ओव्हन चालू केलेला, तो किस्सा परत कधीतरी.

भाजणीचं थालीपीठ उत्तम, पण त्यावर लोण्याचा गोळा ठेवायचा की नाही हे आमच्यात अजून मिटलेलं नाही.

भाकरी, जरा सविस्तर

आधी एक गैरसमज. भाकरी म्हणजे वजन कमी करायचं औषध नाही. ज्वारीच्या पिठात आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्या, फायबरही सारखंच, शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम. भाताच्या मानाने मात्र तिप्पट-चौपट. मग भाकरी का? एक तर तेल लागत नाही, घडीच्या पोळीत आत तेल आणि वरून तेल असतंच. आणि दुसरं म्हणजे भाकरीबरोबर आपण काय खातो, पिठलं, उसळ, मेथी, ठेचा, कांदा. बटाट्याच्या भाजीबरोबर किंवा जॅम लावून कोणी भाकरी खात नाही. भाकरी आली की बाकीचं ताट आपोआप सुधारतं.

करायला मी शिकलो, कारण सकाळी पोळ्या मावशी करतात आणि रात्री त्या नसतात, आणि बायकोने सांगितलं की तिला येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. तिचं माहेर मंगळवेढ्याचं, तिथली मालदांडी ज्वारी म्हणजे जीआय टॅगवाली (त्या गावच्या नावाने सरकारदरबारी नोंदलेली), त्यामुळे सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि क्लास सुरू.

"पाणी केवढं गरम केलंय?"

"कोमट आहे आई."

"कोमट नको हो, उकळू द्या चांगलं. आणि पीठ कधी दळलंय?"

पीठ होतं सुपरमार्केटचं, पाकिटावर तारीख तीन महिन्यांपूर्वीची. त्या हसल्याच. "अहो, त्याची विरी गेली असणार. त्याची भाकरी होतीय होय, थालीपीठ लावा त्याचं."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. गव्हात ग्लुटेन असतं ते पीठ धरून ठेवतं, ज्वारीत ते नसतं, त्यामुळे ताजं पीठ आणि उकळतं पाणी याच्याच जिवावर भाकरी एकत्र राहते. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि चिकट होतो. म्हणून ज्वारी अख्खी आणा आणि गिरणीतून एका वेळी दोन किलोच दळून घ्या, पंधरा दिवसांत संपेल एवढंच. बाजरीचं पीठ त्याहून कमी दिवसांचं आणा, तिच्यात स्निग्धांश जास्त, लवकर कडू होते. ती थंडीतच बरी लागते, तीळ लावून.

बाकी कृती अशी. एका भाकरीला मोठी मूठ-दीड मूठ पीठ परातीत घ्या, उकळतं पाणी थोडं थोडं घालत आधी चमच्याने ढवळा, हात सोसवायला लागला की तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने रगडून रगडून मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवायचं नाही, एका भाकरीपुरतंच. गोळ्याला कडेने भेगा पडत असतील तर अजून मळा. परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोळा ठेवा, आणि एका हाताने थापत, दुसऱ्या हाताने कड सांभाळत फिरवत न्या. माझी पहिली भाकरी उचलताना मधोमध फाटली, दुसरी भारताच्या नकाशासारखी, तिसरी गोल पण पापडासारखी कडक. तवा कडकडीत तापलेला हवा, भाकरी टाकताना पिठाची बाजू वर, त्यावर लगेच हाताने पाणी फिरवायचं. ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची, वाळू दिलं की वरून तडकते, माझी चूक बरेच दिवस हीच होत होती. दुसरी बाजू नीट भाजली की सरळ आचेवर. टम्म फुगली की पदर सुटला.

मला तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात फुगली तेव्हा सासूबाईंना फोटो पाठवला, त्यांचा रिप्लाय, 'जावईबापू, आता दोन टाइम करा'.

नसेलच जमत तर पोळी-भाजी केंद्रातून भाकऱ्या आणा, आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

तेल आणि मावशी

स्वयंपाकाला मावशी असतील तर ही पायरी नाजूक. आमच्या मावशी सात घरी स्वयंपाक करतात, तेल जास्त घातलं की भाजी पटकन होते, लागत नाही आणि घरचे खूश होतात, त्यांचं काही चुकत नव्हतं. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा केला, "मावशी, उद्यापासून तेल निम्मं." दुसऱ्या दिवशी वांगी करपलेली.

"दादा, तुम्हीच म्हणालात ना निम्मं. एवढ्याशा तेलात खाली लागणारच की हो."

मग बायकोने सूत्रं हातात घेतली. तिने एक लिटरची बाटली भरून त्यावर चार ठिकाणी चिकटपट्ट्या लावल्या, एका आठवड्याला एक पट्टी. "मावशी, आपल्याला रविवारी इथपर्यंत यायचंय, रोज किती घालायचं ते तुम्ही बघा." आणि भाजीवर झाकण ठेवून झाकणात पाणी ठेवायला सांगितलं, वाफेवर शिजते आणि लागतही नाही. मावशी म्हणाल्या, "हे तर माझी आई करायची, कोणी करू देत नव्हतं म्हणून सोडलेलं." आता वांग्याच्या दिवशी जास्त घालतात आणि दुधीच्या दिवशी वाचवतात, पट्टीवर बरोबर येतात. पगार दोनशे वाढवला, कारण कडधान्यं आणि पालेभाज्या वाढल्या की कामही वाढतं, ते आपल्याला दिसत नाही.

भाजी

आठवड्याला साडेपाच किलो भाजी आणणं अवघड नाही, निवडणं अवघड आहे. मेथीची जुडी फ्रिजमध्ये पिवळी पडते ती कोणाला आवडत नाही म्हणून नाही, निवडायला कोणी बसत नाही म्हणून. रविवारी सकाळी आम्ही मंडईत जातो किंवा शेतकरी आठवडे बाजार असेल तिथे, आणि आल्यावर पाऊण तास टीव्हीसमोर पेपर पसरून दोघं बसतो. निवडलेली पालेभाजी न धुता, कोरडी, कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, बुधवारपर्यंत टिकते. पालेभाज्या आधी संपवायच्या, मग फ्लॉवर-घेवडा, शेवटी दुधी-भोपळा-गाजर.

थंडीत चाकवत, हरभऱ्याचा पाला, मुळा, गाजर, मटार, पावसाळ्यात अंबाडी, ज्या त्या दिवसात जे ढिगाने दिसतं ते घ्या, स्वस्तही पडतं. ब्रोकोलीवर अडून बसू नका. कोशिंबीर रोज, पण कोशिंबिरीत दही आणि दाण्याचं कूट असतं तेव्हाच ती जेवण वाटते, नुसत्या काकडीच्या चकत्या ताटात अपमान केल्यासारख्या पडून राहतात. फळं आख्खी खा, ज्यूस करू नका, गाळलेला चोथा हाच कामाचा. सासवडकडची सीताफळं आली की मी शुगरचं नाव काढत नाही, एकच खातो, पण खातो.

पाच वाजता

ड्रॉवरमध्ये फुटाण्यांचा डबा. एवढंच. शेंगदाणेही चालतील पण मूठभरच, शंभर ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. मल्टिग्रेन, डायजेस्टिव्ह लिहिलेल्या बिस्किटांचा पुडा उलटा करून वाचा, जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहायचा नियम आहे, बहुतेक वेळा पहिला मैदा आणि मग साखर किंवा पामतेल निघतं.

सणवार, उपास आणि आई

एकादशी आणि दुप्पट खाशी हे आमच्या घरी शब्दशः होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. उपास करायचाच तर भगर, दाण्याची आमटी, राजगिरा, दही. गणपतीत मोदक खायचे, दोन खायचे, मोजत बसून तिसरा नाकारला की आजी नाराज होते त्यामुळे खरं सांगायचं तर तीन. दहा दिवस आपलं काही खरं नसतं, अकराव्या दिवशी परत यादीवर या. रविवारची मिसळ महिन्यातून दोनदा ठेवलीय, पाव दोनच, आणि रस्सा मागताना वरची तर्री नको सांगायचं.

आई मात्र दारातच म्हणते, "किती वाळलास रे, ही घालते की नाही काही खायला." त्यावर बायको काही बोलायच्या आत मीच म्हणायचं, "आई, रात्रीचा स्वयंपाक मीच करतो." एकदम शांतता होते.

दोघांमधलं

यावर कोणी लिहीत नाही पण आमची सगळ्यात मोठी भांडणं इथेच झाली. ती मला म्हणायची, "अरे हा तिसरा चहा ना?" आणि मी मुद्दाम चौथा घ्यायचो. मी तिला म्हणालो, "अगं पाणीपुरी कशाला," आणि तिने दोन दिवस माझ्या भाकरीला हात लावला नाही. शेवटी ठरवलं, ताटात काय आहे यावर एकमेकांना बोलायचं नाही, यादीवर बोलायचं, महिन्यातून एकदा, किराणा भरायच्या आधी. बाहेर कोणी काय खाल्लं ते ज्याचं त्याने बघावं.

आणि वजनाची तुलना करू नका. माझं दोन महिन्यांत चार किलो उतरलं आणि तिचं जागचं हललं नाही, ती हिरमुसली, पण तिला उतरवायचंच नव्हतं, हिमोग्लोबिन चढवायचं होतं! ज्याचं जे दुखणं त्याने ते मोजावं. मी महिन्यातून एकदा कंबर टेपने मोजतो, आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या आत ठेवा म्हणतात, मी ९७ वरून ९२ वर आलोय. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आधी परत करून घेऊ नका, रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर चिकटलेली साखर मोजतात, त्यामुळे पंधरा दिवसांचा पराक्रम त्यात दिसत नाही.

आमचं सहा महिन्यांनी केलं. माझं ५.६, तिचं हिमोग्लोबिन १२.१. तेल महिन्याला दोन लिटरच्या थोडं वर, डाळी-कडधान्यं साडेतीन किलोपर्यंत पोचलीयत, पाच अजून नाही. रात्रीचं जेवण लवकर करायचं कागदावर सहा महिने लिहिलेलं आहे आणि साडेनऊच्या आत ते अजून एकदाही आलेलं नाही, त्यावर आता एवढाच तोडगा काढलाय की जो आधी पोचेल त्याने कुकर लावायचा. काल मी पावणेनऊला पोचलो, कुकर लावला, आणि पीठ बघितलं तर ज्वारी दळायलाच विसरलेलो.